उलु, उरु, कुरु : निरफणसाच्या नावाची गोष्ट

कोकणातल्या नि गोव्यातल्या बायकांना निरफणस काय ते सांगायला नको. त्याची कापं तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकली की ताटात मासळी नसली तरी चालतं. घाटावरच्या मैत्रिणींसाठी एवढंच सांगतो, की हा फणसाच्याच कुळातला, पण आकाराने लहान, आणि बहुतेक वेळा आत आठळी नसलेला. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मात्र हे तोंडीलावणं नाही, ते पोटभरीचं अन्न आहे. आज आम्ही तिथल्या त्याच्या नावाबद्दल बोलणार आहोत.

हवाई बेटांवर त्याला 'उलु' म्हणतात. सामोआतही 'उलु'. ताहितीत 'उरु', रारोटोंगात 'कुरु'. आणि पार इकडे, मलय भाषेत, बिया असलेल्या जातीला 'कुलुर'. मलेशियापासून हवाई दहा हजार किलोमीटरच्या आसपास, तरी शब्द सख्ख्या बहिणींसारखे! वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात, म्हणून तो काही निराळा शब्द होत नाही. तसंच इथे कुठे 'ल'चा 'र' झाला, कुठे सुरुवातीचा 'क' घशातच राहिला. असे पुष्कळ शब्द ताडून अभ्यासकांनी ठरवलं, की या एकाच कुळातल्या भाषा आहेत. त्या कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. सगळीकडेच हा शब्द टिकला असंही नाही. टोंगात याच फळाला 'मेई' म्हणतात.

आता या फळाचंच एवढं कौतुक का? नारळ लाटांवर वाहत जाऊन दूरच्या किनाऱ्याला रुजू शकतो. बिनबियांच्या निरफणसाला ते जमत नाही. त्याच्या मुळांना फुटलेलं रोप काढायचं, ओलं ठेवायचं, खाऱ्या पाण्यापासून जपत होडीतून न्यायचं, तेव्हा कुठे ते दुसऱ्या बेटावर लागणार. म्हणजे तिथलं झाड कोणीतरी हाताने आणलेलं, आणि आणणाऱ्यांच्या तोंडी नावही आलेलं. त्या होड्यांत बायका होत्याच, नाहीतर बेटांवर संसार कसे उभे राहिले असते? हवाईतली जुनी कथा तर सांगते, की दुष्काळात बायको-मुलं उपाशी पाहून कू नावाचा देव स्वतः जमिनीत गेला आणि तिथे उलुचं झाड उगवलं.

पुढे इंग्रज आले. त्यांना या फळात पाव दिसला, म्हणून ते 'ब्रेडफ्रूट' म्हणू लागले. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायचं, म्हणून कॅप्टन ब्लाय 1787 साली 'बाउंटी' जहाज घेऊन ताहितीला निघाला. परतीच्या वाटेवर, 1789 साली, खलाशांनी बंड केलं आणि हजारभर रोपं समुद्रात फेकली. ब्लाय पुन्हा गेला आणि 1793 साली रोपं जमैकाला पोचली. झाड पोचलं, पण 'उरु' म्हणणारी माणसं सोबत वसायला आली नव्हती. जमैकात आजही ते ब्रेडफ्रूटच आहे.

न्यूझीलंडात याच्या उलट झालं. सुमारे सातशे वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज तिथे उतरले. तिथली थंडी या झाडाला सोसत नाही, ते तिथे लागलंच नाही. पण माओरींच्या जुन्या परंपरेत 'कुरु' हा शब्द राहिला, पूर्वजांच्या बेटांवरच्या फळाचं नाव म्हणून.