सायन्स, कॉमर्स, आर्ट्स: ही भिंत बांधली कोणी?

परवा माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. यंदा दहावीला आहे ती. "दादा, सायन्स घेतलं तर इतिहास नाही ना घेता येणार?" मी सवयीने टाइप केलं, "नाही गं." आणि मग वाटलं, का नाही? हे ठरवलं कोणी? चला, आज तेच शोधू.

स्वातंत्र्यानंतर 1952-53 मध्ये मुदलियार आयोग आला. त्याने माध्यमिक शाळेसाठी सात गट सुचवले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. म्हणजे आठवीनंतर, तेरा-चौदाव्या वर्षीच गट निवडायचा!

मग 1964 ते 1966 कोठारी आयोग. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या आयोगाने सांगितलं, दहावीपर्यंत सगळ्यांना सारखंच शिकवा, फाटे नंतर फुटू देत. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशभर रुजला तो याच अहवालामुळे.

आता गंमत ऐका. अकरावी-बारावीसाठी अहवालात काय आहे? दोन भाषा, आणि एका यादीतले कुठलेही तीन विषय. त्या एकाच यादीत इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, कला, भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, सगळं शेजारी-शेजारी! कागदावर तरी माझी बहीण फिजिक्स, गणित आणि इतिहास असं घेऊ शकली असती.

मग माशी कुठे शिंकली? आपल्याकडे पूर्वी मॅट्रिक म्हणजे अकरावी. ती झाली की थेट कॉलेज, आणि कॉलेजात शाखा आधीपासूनच वेगळ्या. 1975 साली नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा झाली. पुढची दोन वर्षं बऱ्याच ठिकाणी कॉलेजांनाच जोडली गेली, म्हणून तर आपण 'ज्युनियर कॉलेज' म्हणतो. माझा अंदाज असा, की वर्ग कॉलेजात गेले आणि कॉलेजच्या भिंतीही सोबत आल्या. वेगळे शिक्षक, वेगळं टाइमटेबल, वेगळी कट-ऑफ. त्यात इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशाला ठरावीक विषय हवेत, मग ती भिंत आणखी पक्की झाली.

माझंच सांगतो. मी बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं. दोनशे मार्कांचा विषय. त्याच्या बदल्यात दोन विषय सुटले, एक बायोलॉजी आणि दुसरा मराठी. तेव्हा सगळे म्हणाले, "बरं झालं, पाठांतर वाचलं!" मीही खूश होतो. आज नोकरी आहे, तक्रार नाही. पण सोळाव्या वर्षी आपण काय सोडतोय, हे मला कोणी विचारलंच नाही. हा एपिसोड लिहिताना दर दोन ओळींनी शब्द अडतो, तेव्हा ते आठवतं.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, कला आणि विज्ञान यांच्यात कडक विभागणी नको. छान! पण हीच गोष्ट 1966 मध्येही कागदावर होतीच की. अडलं ते शिक्षक आणि टाइमटेबलपाशी.

म्हणून बहिणीला पुन्हा मेसेज केला: "माझं 'नाही' कॅन्सल. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जा आणि शाखेचं नाव नको, विषयांची पूर्ण यादी माग. कुठल्या जोड्या खरंच शिकवतात ते विचार."

तुम्ही दहावीनंतर कुठला विषय सोडलात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!