एका शाळामास्तरची पाणबुडी

लहानपणीं गांवच्या तळ्याच्या तळाशीं काय असेल, या विचारांत मीं पुष्कळ दुपारी वायां घालविल्या. लांकडी पेटीला बाहेरून डांबर फांसावें आणि तींत बसून खालीं जाऊन यावें, असा आमचा बेत होता. पेटी मिळाली नाहीं व डांबराला पैसे नव्हते, म्हणूनच आज आपल्याशीं बोलण्याचा योग आला. हेंच वेड जन्मभर न सोडणारा एक शाळामास्तर एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

जॉन फिलिप हॉलंड याचा जन्म १८४१ सालीं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यांत झाला. एका धर्मसंघाच्या शाळांतून त्यानें चौदापंधरा वर्षें मुलांना शिकविलें. प्रकृति नाजूक, दृष्टि अधू. परंतु मनांत सदैव पाण्याखालून चालणारी होडी. १८७३ सालीं तो अमेरिकेस गेला. बोस्टन शहरीं बर्फावरून घसरून त्याचा पाय मोडला, तेव्हां अंथरुणावर पडल्यापडल्या त्यानें आपल्या जुन्या आराखड्यांची उजळणी केली. पुढें न्यू जर्सींतील पॅटरसन येथें तो पुनः शिक्षक झाला. १८७५ सालीं त्यानें आपला आराखडा अमेरिकन आरमाराकडे धाडला. तो अव्यवहार्य ठरला. मास्तरांच्या कागदांना सरकारी कचेरींत काय मान मिळतो, हें मीं निराळें सांगावयास नको.

पैसा दिला तो अमेरिकेंतील फेनियन या आयरिश क्रांतिकारकांनीं. इंग्रजांचीं जहाजें बुडवावीं, हा त्यांचा हेतु. १८७८ च्या मे महिन्यांत साडेचौदा फूट लांबीची, एकच माणूस मावेल अशी होडी पॅसेइक नदीच्या धबधब्यावरील संथ पाण्यांत सोडण्यांत आली, आणि ती बुडाली! ओढून काढून दुरुस्त केली, तों तिचें तेलावरील एंजिन चालेना. अखेर सोबतच्या वाफेच्या नांवेंतून नळीनें वाफ आणून तें चालविलें. आणि मास्तर स्वतः आंत बसून सुमारें बारा फूट खालीं गेला व सुखरूप वर आला.

हें ‘वर आला’ महत्त्वाचें. पूर्वींचे धाडसी लोक होडी जड करून दगडाप्रमाणें खालीं सोडीत. इंग्लंडांतील जॉन डे हा १७७४ सालीं प्लिमथ येथें असाच खालीं गेला, तो परतलाच नाहीं. हॉलंडनें टाक्यांत पाणी घेऊनहि होडी पाण्याहून किंचित् हलकी ठेवावयाची, आणि पुढें जातांजातां आडव्या पात्यांच्या जोरावर बुडी मारावयाची, अशी युक्ति योजिली. यंत्र थांबलें तरी अशी होडी आपोआप वर येते. या पहिल्या होडींत पातीं मध्यभागीं होतीं. तीं शेपटाकडे हवींत, हें त्या पाण्यानेंच त्याला शिकविलें. मग उपयोगी यंत्रें काढून घेऊन त्यानें ती तेथेंच बुडविली, आणि शाळा सोडली.

पुढील होडी १८८१ सालची. ती १८८३ सालीं पैसेवाल्यांनींच रात्रीं पळवून नेली. सहावी होडी १९०० सालीं अमेरिकन आरमारानें दीड लक्ष डॉलरांस घेतली. परंतु तोंवर धंदा दुसऱ्यांच्या हातीं गेला होता, व १९०४ सालीं हॉलंडला त्यांतून बाहेर पडावें लागलें. खरी मौज निराळीच. १९०१ सालीं ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी पाण्यांत उतरली, ती हॉलंडच्याच आराखड्याची! नांवहि ‘हॉलंड १’. ज्यांचीं जहाजें बुडविण्यासाठीं परदेशांतील आयरिश लोकांनीं वर्गणी जमविली, त्यांच्याच बंदरांत तिचें फळ गेलें.

१२ ऑगस्ट १९१४ रोजीं हॉलंड वारला. पुढें सहा आठवडेहि झाले नाहींत, तोंच एका जर्मन पाणबुडीनें एका सकाळींत तीन ब्रिटिश लढाऊ जहाजें बुडविलीं.

पॅसेइकच्या तळाशीं पडलेली ती पहिली होडी १९२७ सालीं वर काढली. ती पॅटरसनच्या संग्रहालयांत आहे. तिचें चित्र मीं पाहिलें; आमच्या मनांतल्या पेटीहून ती फारशी मोठी दिसत नाहीं.