पवनारचा लाल बंगला आणि गावाची मालकी

इंग्लंडातील ग्रामीण इतिहासाचे जे ग्रंथ आमच्या वाचनात येतात त्यांत ‘मॅनर’ ही संस्था पदोपदी भेटते. टेकडीवर किंवा ओढ्याकाठी धन्याचा दगडी वाडा, शेजारी त्याच्या आश्रयाने उभे राहिलेले चर्च, भोवती त्याची खासगी शेती आणि त्यापलीकडे कुळांची घरे, असे चित्र तेथे शतकानुशतके फारसे बदलले नाही. विल्यम राजाने १०८६ साली करविलेल्या सुप्रसिद्ध मोजणीत या वाड्यांची आणि त्यांच्या गावांची जी नोंद झाली ती आजही वाचावयास मिळते. मॅनरच्या दफ्तरातील नकलेवर जमीन धारण करण्याची जुनी पद्धती तर कायद्याने संपण्यास १९२६ साल उजाडावे लागले. आमच्या वर्धा जिल्ह्यात असे काही होते काय, हा प्रश्न विचारला तर पुष्कळ लोक हसतील. परंतु या जिल्ह्यातील पन्नाशीपूर्वीच्या खेड्याकडे जरा निरखून पाहावे, म्हणजे त्या हसण्याचे कारण उरत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत पाटील हा गावचा वसूलदार होता, धनी नव्हता. सरकारची रक्कम ठरवून घ्यावी, रयतेकडून ती उगवावी, आपला हक्क ठेवून बाकीची दरबारात भरावी, एवढाच त्याचा अधिकार. त्याची पाटिलकी टिकत असे ती दरबाराच्या मर्जीने. १८५४ साली राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि त्याच दशकातील जमाबंदीत इंग्रज अंमलदारांनी या वसूलदारांस गावाचे मालक करून टाकले. आपल्या देशातील जमीनदार त्यांच्या डोळ्यांपुढे होता. गावास एक धनी असावा, तो सुखवस्तू असावा आणि त्याने जमिनीत भांडवल घालावे, अशी त्यांची समजूत. तीस वर्षांच्या कराराने सारा ठरला. पाटलाचा मालगुजार झाला. त्याची घरची शेती ती ‘सीर’, बाकीचे शेतकरी ती कुळे, आणि पांढरीवरील घराच्या जागेपासून गायरानापर्यंत सर्वत्र त्याचा शब्द. वेठबेगार कागदावर कोठे लिहिलेली नव्हती. ती घेतली मात्र जात असे. लेखणीच्या एका फटकाऱ्याने एवढी मोठी मालमत्ता निर्माण झाल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतील. मालकी आली म्हणजे ती गहाण पडू लागते आणि विकलीही जाते. त्यामुळे पुढील दोन पिढ्यांत पुष्कळ गावे पाटलांच्या हातून सुटून सावकारी पेढ्यांच्या हाती गेली. गढीत राहणारा धनी जाऊन शहरात राहणारा धनी आला, याहून कुळास फारसा फरक कळला नसावा.

या सर्व व्यवहाराचा जुना इतिहास पाहावयाचा तर वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर पाच मैलांवर धाम नदीकाठी असलेल्या पवनारास जावे. आज हे गाव लहान दिसते, पण त्याची पांढरी फार जुनी आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारास याचेच नाव होते, आणि ‘ऐन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे देव आणि ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीचे थर बरेच खोल गेलेले आढळले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मते वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हेच पवनार. अलीकडे रामटेकाजवळ मनसर येथे जे अवशेष निघाले त्यांवरून काही विद्वान प्रवरपूर तिकडे नेऊ पाहतात. या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि धामकाठी सापडलेली वाकाटककालीन शिल्पे पाहिली म्हणजे मिराशींचा पक्ष सहज टाकून देता येत नाही, एवढे आम्हांस वाटते.

प्रवरपूर कोठेही असो, तेथून निघालेले एक दानपत्र आमच्या विषयास फार उपयोगी आहे. अचलपुराजवळ चम्मक येथे सापडलेले ते ताम्रपट प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षातील आहेत. त्यांत चर्मांक नावाचे गाव, राजमानाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांस दिल्याचा लेख आहे. गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये, तेथून बैल, फुले, दूध घेऊ नये, गवत, कातडे व कोळसा मागू नये, मीठ व खाणी यांवरही हक्क सांगू नये, अशा सवलतींची लांबलचक यादी त्यात दिली आहे. ही यादी सोडलेल्या हक्कांची खरी. पण ती उलटी धरून वाचली की, ज्या गावांस अशी सवलत नव्हती त्यांच्याकडून सरकार काय काय उकळीत होते त्याचा हिशेब हाती येतो. दानाबरोबर अटीही आहेत. घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांस उपद्रव देऊ नये. नाही तर राजाने गाव काढून घेतल्यास ती चोरी होणार नाही! देणारा राजा, घेणारे ब्राह्मण, साक्षीला तांब्याचा पत्रा. त्या गावात नांगर धरणाऱ्यांचे नाव मात्र लेखात कोठेही नाही. इंग्लंडातील मोजणीत निदान कुळांची आणि नांगरांची संख्या तरी मांडली आहे.

लोकांची स्मृती याबाबतीत राजाच्या दफ्तराहून बरी. पवनारास पवनराजाची एक दंतकथा सांगतात. त्याच्यापाशी परीस होता. साऱ्याच्या ऐवजी कुळांनी नांगराचा लोखंडी फाळ आणून द्यावा आणि राजाने तो परिसास लावून सोन्याचा करावा, असा त्याचा वसूल. मुसलमानी सैन्य आले तेव्हा राजाने राणीसह धामेच्या डोहात उडी घेतली म्हणतात. कथेचा हा शेवट अनेक किल्ल्यांवर ऐकू येतो, त्यात नवल नाही. फाळाची कल्पना मात्र आम्हांस विलक्षण वाटते. कुळाचा लोखंडी फाळ धन्याच्या घरी जाऊन सोने होतो, हे जमीनमहसुलाचे जितके नेमके वर्णन आहे तितके आम्ही कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथात वाचलेले नाही.

याच पवनारास नदीकाठच्या उंचवट्यावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. लोक त्यास लाल बंगला म्हणत. जमनालालजी (१८८९–१९४२) हे वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घराण्यात दत्तक गेलेले, पेढीचे आणि कापसाच्या व्यापाराचे वारस, आणि शेगावचे मालगुजार. १९२८ साली वर्ध्यातील आपले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांस खुले केले. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. गांधीजी १९३६ साली त्यांच्याच शेगावात राहावयास गेले. झोपडीस पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि सामान भोवतालचेच असावे, अशी त्यांची अट होती. बुलढाण्याच्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली त्या गावचे सेवाग्राम झाले. मालगुजाराच्या गावात सर्वांत प्रसिद्ध घर ते मालगुजाराचे नव्हे, एका मातीच्या कुटीचे, असा हा प्रकार कोणत्याही मॅनरच्या इतिहासात आम्हांस आढळला नाही. असो.

पवनारच्या बंगल्याची कथा याहून सूक्ष्म आहे. १९३८ च्या मार्चमध्ये विनोबा भावे प्रकृती ढासळल्यामुळे तेथे राहावयास आले. धामेचा पूल ओलांडताना सर्व कामांचा आणि चिंतांचा मनाने त्याग केल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. धामेच्या पलीकडचे म्हणून त्यांनी त्या जागेस परंधाम हे नाव दिले. श्रीमंताने हवापालटासाठी बांधलेल्या बंगल्यात येऊन या गृहस्थाने काय करावे? कुदळ घेऊन शेत खणू लागले! त्या खणण्यात एके दिवशी कुदळ दगडास लागली आणि एक प्राचीन शिल्प वर आले. विनोबांनी त्यात भरत-रामाची भेट ओळखली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना, जी प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांत अशा भेटीचे चित्र कोणी काढावे अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. शिल्प कशाचे, यावर पंडितांनी हवी ती चर्चा करावी. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, राज्य पायाशी आलेले असताना ते आपले नव्हे म्हणणारा भरत त्यांस या भूमीत भेटला.

१९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांनी याच गावी भाषण केले. गांधीजींच्या अस्थींपैकी काही १२ फेब्रुवारी १९४८ रोजी येथेच धामेत विसर्जित झाल्या. १९५० साली परंधामात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. बैलही न वापरता हातांनी शेती करावयाची, विहिरीवर स्वतः रहाट फिरवावयाचा, आणि पैशावाचून जगता येते किंवा कसे ते पाहावयाचे. पवनराजाच्या परिसाचे हे उलटे टोक होय.

यापुढील तारखा आम्ही वाचकांपुढे नुसत्या मांडतो. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा हैदराबादेजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी पायी निघाले. ते वाटेवर असतानाच ३१ मार्चपासून मध्यप्रदेशात मालकीहक्क नष्ट करणारा कायदा अमलात आला आणि वर्धा जिल्ह्यातील मालगुजारी संपली. १८ एप्रिल रोजी तेलंगणात पोचमपल्ली येथे हरिजनांसाठी शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. ज्या मालकीस इंग्रजांनी कागदावर जन्म दिला ती कागदानेच गेली. आणि जी दान म्हणून मागावयाची होती ती मागणारा त्याच आठवड्यांत रस्त्यावर होता.

तथापि या दोन्ही गोष्टींचा हिशेब चोख ठेवला पाहिजे. कायद्याने मालगुजाराची सीर आणि राहता वाडा त्याच्याकडेच राहिला. पांढरी, गायरान, तलाव, झाडे आणि वसूल सरकारजमा झाले. पण गावातील सर्वांत चांगली काळी जमीन बहुधा सीरमध्येच होती, हे ज्यांनी गावे पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको. भूदानातही पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वादात सापडली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. ज्याच्या हाती नांगर त्याच्या नावावर शेत हे कायद्यानेही साधले नाही आणि प्रेमानेही पुरते साधले नाही. विनोबांवर आमची भक्ती असली तरी हे लिहिणे आम्हांस भाग आहे. केवळ दानावर विसंबून राहण्यात एक दोष असा की, दिलेल्या गोष्टीचा मोठेपणा देणाऱ्याकडे जातो. चम्मकच्या ताम्रपटातही तेच झाले होते.

बंगल्याचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. मार्च १९५९ मध्ये परंधामात ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, कामे सर्वांनी वाटून घ्यावीत आणि निर्णय सर्वसंमतीनेच घ्यावा, असा त्यांचा नियम ठरला; तेथे कोणी मुख्य नाही. स्वतः विनोबा पदयात्रा संपवून अखेर तेथेच येऊन राहिले, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच निवर्तले. शेतात निघालेली शिल्पे संग्रहालयात न जाता आश्रमातच मांडलेली आहेत, आणि भरत-रामाची मूर्ती तेथे पूजेत आहे. फेब्रुवारीत गांधीजींच्या स्मरणार्थ धामेकाठी यात्रा भरते. पलीकडे गावात जुन्या तटाचे आणि दरवाजाचे अवशेष पाहावयाचे असल्यास पूल ओलांडून चालत जावे. त्या वाटेने अर्धा गाव आपोआप पाहून होतो.