धाकट्यासही

इंदूरच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात. ‘काय करून राहिलास?’ हे वाक्य कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडते. पडू दे. तीनशे वर्षांच्या वाटेवर क्रियापदे थोडी धुळीने माखली तर त्यात नवल ते काय? पण दोन इवल्या शब्दांच्या बाबतीत मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कारण त्यांच्यापायी आमचे एक घर दुभंगले. ते शब्द म्हणजे ‘च’ आणि ‘ही’.

मराठीत एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा तर ‘च’ लावतात: मीच, आजच, घरीच. आणखी कुणाला सोबत घ्यायचे तर ‘ही’: मीही, उद्याही. हिंदीत जोरासाठी ‘ही’ आहे आणि सोबतीसाठी ‘भी’. म्हणजे आमचे ‘मीही’ दुसऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसते, तर हिंदीचे ‘मैं ही’ बाकीच्या सगळ्यांना पाटावरून उठवते. उच्चार एक, अर्थ अगदी उलट! माझा नातू फुशारकीने सांगतो, ‘हे चित्र मी ही काढलं.’ त्याला म्हणायचे असते ‘मीच काढलं’. त्याची आजी विचारते, ‘अरे, मग आणखी कोणी काढलं?’ पोर रडकुंडीला येते.

तुम्हा सीमाभागातल्या मंडळींना हा त्रास नसावा. कन्नडमध्ये ‘मीच’ला ‘नाने’ म्हणतात, तेलुगूत ‘नेने’. तिथे जोराचे काम ‘ए’ करतो आणि तो मराठीच्या कुठल्याच शब्दाशी झोंबत नाही. परकी भाषा दूरची असली तर धोका कमी. सख्ख्या बहिणीच घोटाळा करतात.

आपला ‘च’ मात्र चांगला खानदानी आहे. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, तो ‘च्चिअ’ या रूपात भेटतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात निश्चय दाखवणाऱ्या शब्दांत चेअ, चिअ, च्च अशी रूपे नोंदवली. शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ झालेला दिसतो. पुढे त्याची वेलांटी गळाली आणि उच्चारही ‘चिमणी’तल्या ‘च’कडून ‘चमचा’तल्या ‘च’कडे सरकला. इंदुरात हिंदी शाळेत शिकलेली मुले तो पुन्हा ‘चिमणी’सारखा उच्चारतात. ज्ञानेश्वरांच्या काळात परतली म्हणायची, नकळत का होईना!

हा ‘च’ घरकोंबडाही नव्हता. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दौलताबादेला राजधानी केली. उत्तरेची बोली घेऊन माणसे दख्खनेत आली, राहिली आणि त्यांच्या दखनीने शेजारच्या मराठीकडून ‘च’ उचलला. हैदराबादेत आजही ‘ऐसाइच’ ऐकू येते, मुंबईच्या हिंदीतही येते. जिथे ‘ही’ होता तिथे जाऊन ‘च’ बसला. इंग्रजीसुद्धा सुटली नाही. आपल्याकडचे लोक ‘टुडे ओन्ली’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘फक्त आज’ म्हणायचे नसते. मनात ‘आजच’ असते, ‘आज ही’ असते. ‘ओन्ली’ला शेपटासारखे शब्दामागे लावण्याची ही खोड आपल्या भाषांचीच.

इंदुरात वारे उलट वाहिले. मंदसोरच्या तहानंतर, 1818 मध्ये, होळकरांची राजधानी इथे आली. दप्तरात मोडी, वाड्यात मराठी, बाजारात माळवी आणि हिंदी, असा संसार चालला. मराठी साहित्य संमेलन इथे 1917 मध्ये भरले आणि 1918 मध्ये हिंदी साहित्य संमेलन, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. 1935 मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही संमेलने या गावाने पाहिली; हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे पंतप्रतिनिधी. अशा गावात कोणता ‘ही’ कोणाचा, हे ओळखणे अंगवळणी पडलेले असे. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि पुढच्या पिढीची ती सवय हळूहळू मोडली.

माझे आजोबा होळकरांच्या महसूल खात्यात कारकून होते. 1958 मध्ये ते गेले. 1964 मध्ये त्यांच्या पेटीत मोडीतली एक चिठ्ठी सापडली. घरात मोडी कुणाला धड लागत नव्हती, म्हणून एका अर्जनविसाकडून ती बाळबोधीत उतरवून घेतली. गृहस्थ मराठी, पण हयात हिंदी अर्ज लिहिण्यात गेलेली. त्याने लिहिले: ‘पुढची खोली धाकट्यास ही द्यावी.’

माझे वडील थोरले. पुढच्या खोलीत ते, आई आणि आम्ही तीन भावंडे राहत होतो. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मराठी डोळ्यांनी वाचला तर ‘ही खोली धाकट्याला द्यावी’. हिंदी डोळ्यांनी वाचला तर ‘धाकट्यालाच द्यावी’. दोन्ही वाटा काकाच्या दाराशी जात होत्या. वडील काही बोलले नाहीत. महिन्याभरात आम्ही भाड्याच्या जागेत गेलो. 1991 मध्ये ते वारले, तोवर त्या वाड्याची पायरी त्यांनी चढली नाही.

निवृत्तीनंतर, 2009 मध्ये, मी मोडी शिकलो. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे टांगत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. चिठ्ठी काकांकडेच होती. ती मागून घेतली आणि पाहिली. ‘धाकट्यासहीद्यावी’, सगळे एका दमात. आजोबांनी पुण्यातल्यासारखी मराठी लिहिली होती: धाकट्यासही. थोरल्याला आहेच, धाकट्यालाही द्यावी. दोघांनी मिळून वापरावी. वास्तविक ‘ही’ त्यांना वेगळा म्हणायचा असता तर वाक्यात तो ‘खोली’च्या आधी आला असता, ‘च’ म्हणायचा असता तर त्यांच्यासारख्या जुन्या कारकुनाने ‘च’च लिहिला असता.

काका तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्याच पुढच्या खोलीत, खाटेवर बसून त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, पुन्हा दूर धरली.

‘अरे, मला तेव्हाच शंका आली होती,’ ते म्हणाले. ‘वाटलं, दादा येईल, भांडेल, मग दोघं बसून लावू अर्थ. दार उघडं ठेवायचो रात्री. आलाच नाही रे.’