दोन वाक्यांचा सांधा

प्रभुभोजनाच्या वेळी धर्मगुरू भाकरीचा तुकडा देताना काय म्हणतो, याकडे परक्या माणसाचे लक्ष जायचे नाही. सोळाव्या शतकातील इंग्लंडात मात्र या एका वाक्यापायी माणसे चितेवर चढली.

कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याचे पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक ९ जून १५४९ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, देशभर लागू झाले. दुसऱ्याच दिवशी डेव्हन परगण्यातील सॅम्पफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनी वस्त्रे चढवायला लावून लॅटिन मिस्सा म्हणायला भाग पाडले. बंड पेटले, एक्झेटर शहराला वेढा पडला आणि हजारो माणसे कापली गेली. कॉर्नवॉलचे बंडखोर म्हणत, आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी कळतच नाही. क्रॅन्मरने उलट विचारले, मग लॅटिन कळणारे तुमच्यात अधिक आहेत काय? उत्तर बिनतोड खरे. पण आजोबा-पणजोबांच्या कानांत घुमलेला मंत्र समजावा लागतो, असे थोडेच आहे!

गंमत अशी की, या पुस्तकात जुने पुष्कळच शिल्लक होते. भाकरी अजून मुखातच घातली जाई. ती देताना, हे ख्रिस्ताचे शरीर तुझा देह व आत्मा अनंत जीवनासाठी राखो, अशा आशयाचे वाक्य म्हणत. ख्रिस्त त्या भाकरीत आहे, असे मानणाऱ्याला ते चालण्यासारखे होते. १५५२ च्या दुसऱ्या पुस्तकाने ते वाक्य उडवले. आता रोजच्या जेवणातली भाकरी चालेल, ती हातावर ठेवावी, आणि सांगावे एवढेच की, ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण ठेवून खा, अंतःकरणात श्रद्धेने त्याचे सेवन कर. भाकरी ती भाकरीच.

पुढच्याच वर्षी मेरी राणी झाली आणि लॅटिन परतले. तुरुंगात खचलेल्या क्रॅन्मरने आपली मते सोडल्याच्या कागदांवर सह्या केल्या. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डला त्याने भरसभेत त्या सह्या नाकारल्या, आणि ज्या उजव्या हाताने त्या केल्या, तोच हात प्रथम ज्वाळांत धरला. त्याच्या भित्रेपणासकट हा माणूस मला जवळचा वाटतो.

एलिझाबेथच्या अमदानीत, १५५९ साली, पुन्हा प्रार्थनापुस्तक निघाले. त्यात कोणते वाक्य घ्यावे? दोन्ही घेतली! आधी १५४९ चे, त्याला जोडून १५५२ चे. शेजारी शेजारी गुडघे टेकलेल्या दोघांपैकी एकाने पहिले मनाशी धरावे, दुसऱ्याने दुसरे. कुणी याला राजकारणी चलाखी म्हणतील. असेल, पण १६६२ च्या पुस्तकातही तो सांधा तसाच राहिला, आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये ते पुस्तक आजही अधिकृत आहे.

मात्र १५५९ च्या या औदार्यालाही कायद्याची कड होतीच. रविवारी सबळ कारणावाचून उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास दंड ठेवला होता, बारा पेन्स.