सातबाऱ्यावरचं नाव काढताना

गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. "जमीन पोरांच्या नावावर करून टाकली की निराधारचा पगार चालू होतो का?" उत्तराआधी थोडं मागं जाऊ. सरकारला गरीब दिसण्यासाठी कागदावर जमीन फिरवायची रीत जुनी आहे, आणि ती गरिबांनी काढलेली नाही.

महाराष्ट्राचा सिलिंगचा कायदा १९६१ चा. पुढं मर्यादा आणखी खाली आणली : कोरडवाहू ५४ एकर, बारमाही दुपिकी बागायत १८ एकर. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान लेकरं. सज्ञान मुलगा वेगळा धरायचा. मग काय, मोठ्या वाड्यांमधून वाटण्या निघाल्या, बक्षीसपत्रं झाली. जमीन जागची हलली नाही, नावं तेवढी बदलली. सरकारच्या ते ध्यानात आलं. २६ सप्टेंबर १९७० नंतर आणि २ ऑक्टोबर १९७५ च्या आधी दिलेली जमीन सिलिंग चुकवायलाच दिली, असं कायद्यानं धरलं. तसं नव्हतं, हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं. तेव्हापासून घरातल्या घरात दिलेल्या जमिनीकडं कचेरी संशयानं बघते.

१९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. तिच्यात आणि पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ योजनेत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. इथंच आपल्या बाया फसतात. नवरा गेल्यावर त्याच्या जमिनीत लेकरांबरोबर आईचाही हिस्सा असतो. ती हक्कसोडपत्रावर अंगठा देते, फेरफार होतो, सातबाऱ्यावरून नाव जातं. पण चूल एकच असेल तर ती जमीन, ते पीक त्याच कुटुंबात मोजलं जातं. उत्पन्न होतं तेवढंच राहतं. म्हणजे नाव गेलं, पगारही नाही. आणि मिळाला तरी तो महिन्याला दीड हजार. एक एकराचं मोल काय, तुम्हीच सांगा.

वाडेवाल्यांनी नाव बदललं तरी ताबा सोडला नव्हता. आपली म्हातारी मात्र खरोखरच सोडून देते. (माहेरची हक्कसोड साडीचोळीवर होते, तो विषय पुढच्या वेळी.)

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. त्याचं कलम २३ असं : साठीपुढच्या माणसानं सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अर्ज प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं करायचा. पण अट कागदात हवी. "मला मरेपर्यंत अन्नवस्त्र, औषधपाणी मुलानं द्यायचं" एवढी ओळ लिहायला दस्त लिहिणारा जास्तीचे पैसे मागणार नाही. आमच्या बघण्यात जेवढी हक्कसोडपत्रं आली, त्यात ही ओळ फार थोड्यांत होती. अंगठ्याआधी कुणाकडून तरी कागद मोठ्यानं वाचून घ्या. गटातली शिकलेली सूनही चालेल, पण आपल्या घरातली नको.