लोणारची अर्धी प्रदक्षिणा

दिवाळीत नांदगाव पेठला घरी होतो. तीन दिवस फराळ आणि झोप झाल्यावर बाबांना सांगितलं, "उद्या लोणारला जातो. खाली उतरून तळ्याला पूर्ण चक्कर मारायची आहे." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पानी लय वाढलं म्हंते तिथं. नाही होत आता चक्कर." बाबांचं लगेच ऐकायचं नाही हा आमच्या घरचा जुना नियम. पहाटे गाडी काढली, कारंज्याला समृद्धी महामार्ग धरला, मेहकरला सोडला आणि उन्हं चढायच्या आत लोणारच्या काठावर उभा होतो.

फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा, जवळपास दीडशे मीटर खोल, आणि तळाशी हिरवट पाणी. "उल्का पडली, खड्डा झाला" इतकं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण हे उत्तर फार उशिरा मिळालंय, आणि त्याच्या आधीची शेकडो वर्षं लोणार कशासाठी ओळखलं जायचं हे मला स्वतःलाही अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं.

लोणार ओळखलं जायचं खारासाठी! अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ही जागा येते. इथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं आणि त्यातून सरकारला चांगला महसूल मिळतो, असं तो लिहितो. म्हणजे सोळाव्या शतकात हे पर्यटनस्थळ नव्हतं, चालता धंदा होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठच्या गाळातून खार गोळा करायचे, आणि त्याच्या प्रतींना वेगवेगळी नावं होती : डल्ला, खुप्पल, पपडी, भुस्की. बांगड्यांच्या काचेला आणि साबणाला हा माल जायचा. एका तळ्याच्या क्षाराला इतकी नावं पडतात ती रोज हाताळणाऱ्यांमुळेच. आपल्याला आज सगळा 'सोडा'च.

आता हा खार येतो कुठून? तळ्याला बाहेर जायला वाटच नाही. धारेचं गोडं पाणी बारा महिने आत येतं, पावसाचं येतं, आणि जातं फक्त वाफ होऊन. क्षार मागे राहतात. (आमच्या भाषेत मेमरी लीक. इनपुट चालू, मोकळं काहीच होत नाही.) हजारो वर्षं हेच चालू असल्याने पाण्याचा पीएच दहाच्या आसपास पोचलाय. लोककथेत हेच लवणासुराच्या नावावर आहे : विष्णूने दैत्याला मारलं, पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि खार म्हणजे त्याचं मांस. जून २०२० मध्ये तळं खरोखर गुलाबी झालं तेव्हा ही गोष्ट किती जणांना आठवली असेल! तपासणीत निघाले ते खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव.

खड्ड्याचं कोडं मात्र रेंगाळलं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केली, त्यानंतर बराच काळ सगळे ज्वालामुखीच म्हणत राहिले. आजूबाजूला सगळा बेसॉल्टच, त्यामुळे त्यांचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनाच्या खड्ड्याशी लोणारचं साम्य दाखवलं. गंमत म्हणजे तो खड्डा उल्केचा नाही, वाफेच्या स्फोटाचा, असा निष्कर्ष त्याने काढला. दोघांनाही एकच चुकीचं लेबल! १९६१ मध्ये नंदी आणि देव यांनी लोणारबाबत उल्केची शक्यता मांडली, आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आघाताचे पुरावे 'सायन्स'मध्ये छापले. नुकतेच अपोलोवाले चंद्रावरचे दगड घेऊन आले होते, तिथलाही दगड बेसॉल्टच, म्हणून इथल्या काचमण्यांना अचानक भाव आला. वयाचा घोळ मात्र आहेच. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं, दुसरीने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर घरी पाठवतील. :)

असो. धारेकडून उतरलो. पायऱ्या, मग झाडीतली पायवाट. रामगया मागे पडली. वानरं आणि मोर भरपूर, माणूस एकही नाही. २००० पासून हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, नांदूर मधमेश्वरनंतरचं राज्यातलं दुसरं. मी पाण्याच्या कडेकडेने कमळजा देवीच्या दिशेने चालत होतो, आणि एका वळणावर वाट सरळ पाण्यात गेली. पलीकडे अर्धी बुडालेली बाभळीची झाडं. देऊळ पुढे होतं, पण तिथपर्यंत कोरडी जमीन नव्हती.

ह्याच देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसरीकडचं खारट. तळं आटलं की ती दिसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लोकांना काळजी होती तळं आटत चालल्याची, आणि आता ती विहीर पाण्याखाली. गोडं पाणी असंच वाढत गेलं तर खार पातळ होणार, आणि त्या खारावर जगणारं जे काही फक्त अशाच पाण्यात टिकतं, त्याचं काय? अबुल फजलच्या कारकुनांनी हिशोब ठेवला तो वर आलेल्या मालाचा. आज हिशोब ठेवायचा तो पाण्याच्या पातळीचा आणि क्षाराच्या टक्क्याचा, दर महिन्याला, निदान सगळ्यांना बघता येईल असा. मला तरी काठावर साधी पातळी मोजायची पट्टीसुद्धा दिसली नाही. असेल कुठेतरी, नीट शोधली नाही.

आलो त्याच वाटेने परत वर चढलो, दम लागला. संध्याकाळी घरी पोचलो तर बाबा ओसरीवरच होते.

"झाली का चक्कर?"

"अर्धी."

"सांगतलं होतं," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.